चार सेलांचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, ज्यांच्या घरी पूर्वी ट्रान्झिस्टर होता त्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. बातम्या ऐकता ऐकता आवाज बारीक होऊ लागला की मागचे झाकण उघडायचे, चारही सेल बाहेर काढायचे, थोडा वेळ उन्हात ठेवायचे आणि पुन्हा घालायचे. दोन-चार दिवस तेवढ्यावर निघत. सेल संपत आले आहेत हे तो रेडिओ आपल्याला आधी सांगत असे. आधी आवाज उतरे, मग खरखर, मग शांतता. तोवर नवे सेल आणायला वेळ मिळे.

आज मी ज्या रेडिओबद्दल बोलणार आहे, तो उडतो. त्याला अशी सवलत नाही.

रेडिओवर चालणारी छोटी विमाने तुम्ही पाहिली असतील. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवतात, तिथे अनेकांनी ती हातात धरलीही असतील. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचे दीड-दोन मीटर पंखांचे विमान. वैमानिक जमिनीवर उभा. त्याच्या हातात ट्रान्समीटर आणि विमानाच्या पोटात काड्यापेटीएवढा रिसीव्हर. रिसीव्हरला आलेली आज्ञा छोट्या छोट्या मोटारी अमलात आणतात. त्यांना सर्व्हो म्हणतात. एक सर्व्हो सुकाणू वळवतो, एक शेपटीची आडवी फळी खालीवर करतो, तर काही पंखांवरच्या पट्ट्या हलवतात. या सगळ्यांना वीज पुरवणारी एक लहानशी बॅटरी असते. इंजिन बंद पडले तर विमान तरंगत खाली आणता येते. ही बॅटरी बंद पडली, तर मात्र विमान कुणाचेच राहत नाही.

मग ही बॅटरी किती व्होल्टची असावी? प्रश्न दुकानदाराला विचारण्याएवढा साधा वाटतो. मलाही तसेच वाटत होते.

२००८ सालची गोष्ट. माझे अडीच किलोचे एक विमान दोन वर्षे नीट उडत होते. बॅटरी चार सेलांची, ४.८ व्होल्टची. त्या वर्षी मी जुना रेडिओसंच काढून नवा, २.४ गिगाहर्ट्झचा बसवला. बॅटरी तीच ठेवली. तिसऱ्या उड्डाणात उंचावरून सूर मारला आणि वर उचलण्यासाठी दांडी ओढली. विमानाने ऐकलेच नाही. तीन-चार सेकंद काहीही झाले नाही, आणि मग ते शेजारच्या ज्वारीच्या रानात उतरले, म्हणजे घुसले. पडले तिथून चाळीस पावलांवर एक बाई गवत कापत होत्या. त्यांनी उठून आधी विमानाकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्या काही बोलल्या नाहीत, पण ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

मोडके विमान घेऊन आलो, स्विच लावला, तर सगळे सर्व्हो हलत होते! मीटर लावला, तर बॅटरी ५.१ व्होल्ट दाखवत होती. म्हणजे बॅटरी उत्तम. म्हणजे दोष नव्या संचाचा. मी विक्रेत्याला एक रागाचे पत्रही लिहिले. ते पत्र चुकीचे होते. का चुकीचे होते, हे समजायला आधी ४.८ हा आकडा आला कुठून ते पाहिले पाहिजे. त्यासाठी बरीच वर्षे मागे जाऊ.

रेडिओलहरींनी वाहन चालवण्याचा पहिला जाहीर प्रयोग निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केला. पण ती होडी होती. होडीत जड बॅटरी ठेवली तर होडी थोडी खोल बसते, इतकेच. विमानात प्रत्येक ग्रॅमची किंमत पंखांना मोजावी लागते. म्हणून विमानाला आणखी चाळीस वर्षे थांबावे लागले.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कालामाझू गावी वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ होते. वॉल्टरला विमानांचा नाद, विल्यमला रेडिओचा. दोघांनी मिळून १९३७ मध्ये ‘गफ’ नावाचे विमान उडवले. आठ फूट पंखांचे आणि जवळजवळ चार किलोंचे हे विमान आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. एवढे मोठे विमान का? हौस म्हणून नव्हे. रेडिओ आणि त्याच्या बॅटऱ्या उचलायला तेवढे पंख लागत होते.

तो जमाना व्हॉल्व्हच्या रेडिओचा. वीज नसलेल्या गावांत पूर्वी व्हॉल्व्हचे जे बॅटरीवरचे रेडिओ असत, त्यांना दोन प्रकारची वीज लागे. व्हॉल्व्हची तार तापवायला दीड व्होल्ट, आणि व्हॉल्व्हच्या पत्र्याला ९० व्होल्ट. विमानातल्या रिसीव्हरचेही तेच. १९३८ मध्ये रेथिऑन कंपनीने खास अशा कामासाठी आरके-६१ नावाचा बोटाच्या पेराएवढा व्हॉल्व्ह काढला. त्यालाही तारेसाठी सुमारे दीड आणि पत्र्यासाठी ४५ व्होल्ट लागत. शिवाय सुकाणू सोडणाऱ्या विद्युतचुंबकाला तिसरी छोटी बॅटरी. म्हणजे ‘किती व्होल्ट’ या प्रश्नाला तेव्हा एक उत्तर नव्हतेच, तीन होती.

सुकाणू हलवण्याचे काम वीज करत नसे, हेही सांगितले पाहिजे. विमानाच्या पोटात पीळ दिलेला रबर असे. आज्ञा आली की विद्युतचुंबक एक खिट्टी सोडे, रबर एक टप्पा फिरे आणि सुकाणू डावीकडे जाई. पुन्हा आज्ञा आली की मध्यावर, मग उजवीकडे. काम रबराचे, विजेने फक्त दार उघडायचे. त्यामुळे बॅटरीवर ओझे थोडे आणि ठरलेले असे.

तरीही त्या लोकांची एक सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे. आरके-६१ मधून एरवी ठरावीक प्रवाह वाहत असे. लहर आली की तो उतरे, आणि प्रवाह उतरला की रिले सुटून आज्ञा पुढे जाई. आता गंमत पाहा. बॅटरी दमली तरी प्रवाह उतरणारच. बिचाऱ्या रिलेला कसे कळावे, की ही मालकाची आज्ञा नसून बॅटरीची धाप आहे? म्हणून जुने लोक उड्डाणाआधी रिसीव्हर चालू करून त्यातून वाहणारा प्रवाह मीटरवर पाहत. बॅटरी नुसती नव्हे, कामाला जुंपलेली तपासत. ही सवय पुढे आपण विसरलो.

१९४७ च्या अखेरीस ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५४ मध्ये त्यावर चालणारा पहिला खिशातला रेडिओ बाजारात आला. तो रिजन्सी टीआर-१. त्याची बॅटरी किती व्होल्टची असावी? साडेबावीस! कारण साडेबावीस व्होल्टच्या छोट्या बॅटऱ्या श्रवणयंत्रांसाठी आधीच बनत होत्या. यंत्र नवे आले तरी आकडा बऱ्याचदा जुन्या घरातूनच येतो. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

ट्रान्झिस्टरमुळे विमानातली ४५ व्होल्टची बॅटरी हळूहळू गेली. १९६० च्या दशकात रबराचा पीळही गेला आणि सर्व्हो आला. आता दांडी जेवढी हलवावी तेवढेच सुकाणू हलू लागले. रिसीव्हर सर्व्होला विजेचे ठोके पाठवतो, सेकंदाला साधारण पन्नास. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर सर्व्होने मध्यावर थांबायचे, एकचा असेल तर एका टोकाला, दोनचा असेल तर दुसऱ्या टोकाला. ही भाषा इतकी सोपी निघाली की साठ वर्षांनंतरचे सर्व्होही तीच समजतात.

पण आता काम वीज करू लागली. मोटार फिरवायची म्हणजे प्रवाह भरपूर हवा. इथे निकेल-कॅडमियमचा सेल उपयोगी पडला. त्याचा शोध स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्येच लावला होता. पुढे १९४७ च्या सुमारास तो पूर्ण बंदिस्त करता येऊ लागला, आणि मग तो कुठेही, कसाही ठेवता येऊ लागला. पुन्हा पुन्हा भरता येणारा आणि मागितला तेवढा प्रवाह देणारा हा सेल. एका सेलचे १.२ व्होल्ट. असे चार सेल ओळीने जोडले की ४.८.

चारच का? तीन नाहीत, पाच नाहीत? वजन हे एक कारण. दुसरे मोठे कारण सर्व्होच्या पोटात होते. मोटार कधी डावीकडे फिरवायची, कधी उजवीकडे. त्यासाठी तेव्हाची सोपी युक्ती अशी, की चार सेलांच्या बरोबर मध्यातून एक तार काढायची. दोन सेल अलीकडे, दोन पलीकडे. मोटारीचे एक टोक या मधल्या तारेला. वरच्या जोडीशी जोडले की मोटार एकीकडे फिरे, खालच्या जोडीशी जोडले की दुसरीकडे. मोटारीच्या वाट्याला दर वेळी २.४ व्होल्ट येत. दोन बाजू सारख्या हव्यात, म्हणून सेलांची संख्या समच हवी. त्या काळच्या सर्व्होंना चार तारा असत, त्यातली एक ही मधली.

१९७० च्या दशकात सर्व्होचे सगळे सर्किट एका छोट्या चिपमध्ये मावू लागले. ती चिप सगळीच्या सगळी बॅटरी मोटारीला हवी तशी सुलट-उलट जोडू शकत असे. मधल्या तारेची गरज संपली. सर्व्होच्या तारा चाराच्या तीन झाल्या. सेल मात्र चारच राहिले! कारखान्यांचे साचे, चार्जर, विमानातल्या बॅटरीच्या जागा, सगळे चारावर ठरलेले. आणि खरे सांगायचे तर ४.८ व्होल्टवर काम उत्तम चालत होते. तक्रार कुणाचीच नव्हती.

सहा व्होल्टही परके नव्हते. नवख्यांच्या संचात बॅटरीऐवजी प्लॅस्टिकचा डबा मिळे. त्यात बाजारातले चार साधे सेल घालायचे. साधा सेल दीड व्होल्टचा, म्हणून चाराचे सहा होत. त्यामुळे सर्व्हो सहा व्होल्ट सोसणारे बनवले जात आणि त्यांच्या माहितीपत्रकावर ४.८ चे आणि ६ चे असे दोन आकडे छापलेले असत. फुताबा ही जपानी कंपनी १९४८ मध्ये व्हॉल्व्ह बनवण्यासाठी निघाली आणि पुढे या खेळात मोठी झाली. तिच्या एस-३००३ या घरोघरच्या सर्व्होचे आकडे पाहा. ४.८ व्होल्टवर जोर ३.२ किलो-सेंटिमीटर, तर ६ वर ४.१. साठ अंश वळायला ४.८ वर ०.२३ सेकंद, तर ६ वर ०.१९. एका जादा सेलने जोर पाव पटीहून अधिक वाढतो.

म्हणून मोठी, वेगवान विमाने उडवणारे पाच सेल वापरू लागले. जोर हे त्यांचे एक कारण. दुसरे अधिक शहाणपणाचे होते. जुना निकेलचा सेल मरतो तेव्हा बऱ्याचदा आतून शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे ओळीत राहतो पण व्होल्ट देत नाही. चारातला एक असा गेला तर उरतात ३.६ व्होल्ट. पाचातला गेला तर उरतात ४.८, विमान खाली आणण्यापुरते भरपूर. पाचवा सेल म्हणजे गाडीतले जादा चाक.

मग सगळ्यांनीच पाच का नाही घातले? त्यालाही कारणे होती. नुकत्याच भरलेल्या पाच सेलांचा दाब सव्वासात व्होल्टपर्यंत जातो. हेलिकॉप्टरच्या शेपटीचे काही वेगवान सर्व्हो ४.८ साठीच बनवलेले असत, ते तेवढ्यावर तापून जळत. जास्त व्होल्ट म्हणजे प्रवाहही जास्त, म्हणजे तेवढ्याच क्षमतेची बॅटरी लवकर रिकामी. आणि वजन आहेच. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसे होती, आणि बरीच वर्षे दोन्ही बाजू बरोबर होत्या.

मग रेडिओ बदलला, आणि एक बाजू न सांगता चूक ठरली.

आधी १९९० च्या दशकाच्या अखेरीस डिजिटल सर्व्हो आले. मोटारीला सेकंदाला पन्नासऐवजी काहीशे वेळा धक्का देणारे, म्हणून जागेवर घट्ट उभे राहणारे. ते बॅटरीकडून पुष्कळच जास्त प्रवाह ओढू लागले. पाठोपाठ २००५-०६ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचे संच आले. त्यांनी मैदानावरची जुनी भांडणे मिटवली. पूर्वी दोघांची वारंवारता एकच असली तर एकाने ट्रान्समीटर लावताच दुसऱ्याचे विमान पडत असे. ती भीती गेली. पण या रिसीव्हरच्या आत एक छोटा संगणक असतो, आणि संगणकाला ठरावीक व्होल्ट मिळालेच पाहिजेत. त्या पहिल्या वर्षांतले अनेक रिसीव्हर साधारण साडेतीन व्होल्टच्या खाली गेले की बंद पडत. व्होल्ट परत आले की नव्याने सुरू होत, आपला ट्रान्समीटर शोधत आणि मग ऐकू लागत. यात काही सेकंद जात.

जुन्या रिसीव्हरमध्येही व्होल्ट असेच क्षणभर घसरत असणार. पण तो फार तर एक हिसका देई आणि पुढे चालू लागे. घरच्या ट्रान्झिस्टरसारखा, आवाज बारीक करून सांगणारा. नव्याला ते जमत नव्हते. त्याला चालू आणि बंद, एवढेच माहीत.

आता माझ्या ५.१ व्होल्टकडे परत येतो. आमच्या मैदानावर एक ज्येष्ठ होते, व्हॉल्व्हच्या काळापासून विमाने उडवणारे. मी तक्रार सांगितली. ते म्हणाले, “अरे, बसलेल्या माणसाची नाडी कसली बघतोस? जिना चढताना बघ.” त्यांनी रिसीव्हर, सर्व्हो, बॅटरी सगळे टेबलावर मांडायला लावले आणि मीटर जोडून ठेवला. मग मला दोन्ही दांड्या जोरात फिरवायला सांगितल्या आणि स्वतः सर्व्होंचे हात बोटांनी हलकेच अडवले, हवेचा दाब अडवतो तसे. मीटरवरचा आकडा ५.१ वरून ४.२ वर, मग ३.७ वर आला, आणि रिसीव्हरवरचा दिवा विझला. बोटे काढली, पुन्हा ५.१. काही वेळाने दिवा लागला. माझे विमान का पडले ते मी टेबलावर पाहिले.

हिशेब शाळेतल्या ओहमच्या नियमाचा आहे. जुन्या चार पेन्सिल सेलांचा अंतर्गत अडथळा, बारीक तारा आणि स्विच मिळून पाव ओहम धरा. सुरातून वर येताना सगळे सर्व्हो एकदम जोर लावतात, पाच अँपिअर ओढले असे समजा. पाच गुणिले पाव म्हणजे सव्वा व्होल्ट वाटेतच गेले. ४.८ मधून १.२५ वजा केले की उरले ३.५५. अगदी काठावर. याच जागी पाच सेल असते तर प्रवाह थोडा वाढूनही चार व्होल्टच्या वरच राहिलो असतो. जाड तारा, चांगला स्विच आणि कमी अडथळ्याचे सेल असते, तर चार सेलांवरही निभावले असते.

म्हणजे ४.८ चूक आणि ६ बरोबर, असे मी सांगत नाही. सांगायचे आहे ते एवढेच, की बॅटरीच्या वेष्टनावरचा आकडा हा आरामातला आकडा आहे. विमान ज्यावर उडते तो आकडा कुठेच छापलेला नसतो. सर्वांत कठीण क्षणी व्होल्ट किती खाली जातील, तो खरा प्रश्न. ४.८ हा आकडा ज्या सर्व्होंसाठी आणि ज्या रिसीव्हरसाठी ठरला ते दोन्ही गेले होते. मी आकडा तसाच पुढे चालवला, कारण माझ्याआधीच्यांनी चालवला होता.

त्यानंतर पर्याय वाढले. २०१० च्या आसपासपासून लिथियम-लोह-फॉस्फेटचे सेल मैदानावर दिसू लागले. हे द्रव्य बॅटरीला चालते, हे अमेरिकेत टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. १९९७ च्या त्या शोधनिबंधावर गुडइनफ यांच्याबरोबर पाधी आणि नंजुंदस्वामी ही दोन नावे आहेत. लिथियम बॅटऱ्यांवरच्या कामासाठी गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, आणखी दोघांबरोबर नोबेल मिळाले. असे दोन सेल जोडले की ६.६ व्होल्ट होतात, आणि ओझे पडले तरी ते फारसे घसरत नाहीत. दोन लिथियम-पॉलिमर सेलांचे भरल्यावर ८.४ होतात. त्यासाठी खास जास्त व्होल्टचे सर्व्हो लागतात किंवा मध्ये रेग्युलेटर बसवावा लागतो. आणि मध्ये आणखी एक वस्तू म्हणजे बिघडायला आणखी एक जागा. रिसीव्हरही सुधारले. नंतरचे क्षणार्धात पुन्हा जोडले जाऊ लागले, काही तर विमानातले व्होल्ट हवेतूनच खाली कळवू लागले. जुने लोक मीटर लावून जे पाहत, ते आता वैमानिकाला उड्डाण चालू असताना दिसते.

पण कळवलेला आकडा वाचायचा माणसानेच. आपल्याकडच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानाची व्याख्या पंचवीस किलोपर्यंत जाते. एवढ्या वजनाची वस्तू डोक्यावरून जाते तेव्हा खाली कुणीतरी असतेच. कुणी गवत कापत असते, कुणी मुलाला विमान दाखवायला आलेले असते. त्यांना व्होल्ट ठाऊक नसतात. ते आपल्या भरवशावर तिथे उभे असतात.

विक्रेत्याला मी दुसरे पत्र लिहिले, माफीचे. विमान दुरुस्त झाले, पाच सेलांवर पुढे बरीच वर्षे उडाले. ते ज्येष्ठ आता नाहीत. पण कुठलीही बॅटरी विमानात घालण्यापूर्वी मी ती टेबलावर मांडतो, सर्व्होंचे हात बोटांनी अडवतो आणि मीटरकडे पाहतो. दोन मिनिटे लागतात. जिना चढताना नाडी पाहायची, एवढेच.